उघड्या कडेचा पतंग

सोमवारी सकाळी माझे पती चहाचा कप घेऊन गॅलरीत बसले. मी आत पेपर वाचत होते. कप फुटल्याचा आवाज आला. मी बाहेर गेले तेव्हा ते वारले होते. दुपारी माती दिली.

त्यानंतर माणसं यायला लागली. आमच्याकडे भेटायला येणारी माणसं हात हलवत येत नाहीत, वाक्यं घेऊन येतात. जाणारा सुटला. अंथरुणाला खिळले नाहीत हे काय कमी आहे. तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्हाला आम्ही काय सांगायचं. हे शेवटचं वाक्य ज्यांनी ज्यांनी म्हटलं ते सगळे त्यानंतर बराच वेळ सांगत बसले. एका बाईंनी मला रोज सकाळी टाळ्या वाजवायचा सल्ला दिला, त्यानं म्हणे रक्त फिरतं. एक निवृत्त मुख्याध्यापक मृत्यू अटळ आहे इथून निघाले ते स्वतःच्या गुडघेदुखीवर येऊन थांबले आणि मग तिथून हलेनात. मी शाळेत मराठी शिकवत असे. पोकळ वाक्यांखाली लाल रेघ मारण्यात माझी सगळी नोकरी सरली. आता तीच वाक्यं माझ्या घरात मांडी घालून बसली होती आणि माझ्या हातात पेन नव्हतं.

माझा धाकटा भाऊ तेवढा काही बोलत नसे. अक्कलकोट रस्त्याला त्याचा टॉवेलचा कारखाना आहे. लोकांना बसायला म्हणून तो चादरींचा गठ्ठा टाकून गेला होता. रोज येऊन कोपऱ्यात बसे, फोन वाजला की बाहेर जाऊन कानडीत कुणाला तरी झापे आणि परत येऊन बसे. मला ते बरं वाटे.

माणसं यायची थांबल्यावर मी त्या चादरी धुऊन गच्चीवर वाळत घातल्या. संध्याकाळी काढायला गेले आणि पहिल्याच चादरीपाशी अडले. चादरीची घडी घालायला दोन माणसं लागतात, हे मला तेव्हा कळलं. तोवर घरात दोन माणसं होती, त्यामुळे कळायचं काही कारण नव्हतं. मी एक टोक हनुवटीखाली धरलं आणि जमेल तशा घड्या घातल्या. भावानं त्या पाहिल्या असत्या तर गठ्ठा पुन्हा सोडला असता.

पतींच्या मागे माझ्याकडे त्यांचं एक वाक्य राहिलं होतं. त्यासाठी थोडं मागं जावं लागेल.

आदल्या हिवाळ्यात आम्ही कोकणात गेलो होतो. समुद्रावर एक तरुण मुलगा कापडाचा भला मोठा पतंग उडवत होता. त्याला काड्या नव्हत्या, शेपूट नव्हतं. दोन दोऱ्या, दोन हातांत दोन मुठी. माझे पती पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले होते आणि अनोळखी माणसाकडे काहीही मागायला त्यांना संकोच वाटत नसे. त्यांनी त्या मुठी मागून घेतल्या. मी वाळूत पुस्तक घेऊन बसले होते. मान वर करून पाहिलं तर ते टाचा रोवून मागं रेलले होते आणि तरीही पुढं पुढं जात होते. परत आले तेव्हा पँटला गुडघ्यापर्यंत वाळू होती. मी विचारलं, कसं वाटलं?

धरणाचा दरवाजा कसा उचलला जातो हे जेवणाच्या ताटावर वाटी-चमच्यानं समजावून सांगणारा हा माणूस. तो म्हणाला, "तुला सांगून कळायचं नाही. धरून बघायला पाहिजे."

या जातीच्या वाक्यांची मला चीड आहे. ज्याला शब्द शोधायचा कंटाळा येतो तो अनुभवाचं मोठेपण पुढं करतो. मी हे त्यांना तिथंच सांगितलं. ते हसले. परतीच्या वाटेवर वेळापूरला चहाला थांबलो तेव्हाही मी पुन्हा विचारलं, आणि त्यांनी पुन्हा तेच वाक्य, या वेळी बशीत चहा ओतता ओतता, माझ्यापुढं ठेवलं. त्यानंतर तसला पतंग आणायचा हे त्यांनी घरात इतक्यांदा म्हटलं की मी ऐकायचं सोडून दिलं होतं.

ते गेल्यावर माझ्या लक्षात आलं की त्यांच्या बाकी सगळ्या बोलण्याचा अर्थ मला माहीत आहे. ते कशावर हसत, कशाला घाबरत, कुठल्या गोष्टीत थोडी भर घालून सांगत, सगळं. या एका वाक्यात मात्र त्यांनी माझ्यापासून काहीतरी ठेवून दिलं होतं आणि आता विचारायला कुणी नव्हतं. त्यांना काय वाटलं होतं ते मला हवं होतं. दुसरं काहीही नको होतं. ही इच्छा इतकी बालिश होती की भेटायला येणाऱ्यांपैकी कुणी ती बोलून दाखवली असती तर मी तोंड फिरवलं असतं.

आधी मी गावातल्या पतंगांच्या दुकानात गेले. संक्रांत होऊन गेलेली. दुकानदार फटाक्यांच्या खोक्यांवर पाय ठेवून मोबाइल बघत होता. मी मला काय हवं ते नीट सांगितलं. त्यानं ते बॅटरीवर चालतं का असं विचारलं. नाही म्हटल्यावर नातवाचं वय विचारलं. पतंग मला हवाय म्हटल्यावर त्यानं माझ्या कपाळावर कुंकवाच्या जागी लावलेली विभूती पाहिली, पाय खाली घेतले आणि घरी कुणी असेल तर त्यांना घेऊन या म्हणाला.

मग मी इंटरनेटवर वाचायला लागले. वाचन हा माझा धंदा; पण इतकं निकृष्ट गद्य मी नववीच्या सहामाहीतही तपासलं नव्हतं. या वस्तूला पॉवर काइट म्हणतात. प्रत्येक विक्रेत्याचा प्रत्येक पतंग नवशिक्यांसाठी सर्वोत्तम होता आणि जाणकारांसाठीही. ज्यांनी विकत घेतला होता ते लिहीत की अजून उघडला नाही, पण फारच छान आहे. व्हिडिओत उघडे, तांबूस पुरुष एखाद्या ओल्या, मोकळ्या किनाऱ्यावर उभे राहून सांगत की आधी आराम वाटू द्या. आमच्या गावाबाहेरच्या हिप्परग्याच्या तळ्यावर जूनमधल्या वाऱ्यात, तोंडात धूळ जात असताना, आराम कसा वाटू द्यायचा ते एकानंही सांगितलं नाही.

कचरा निवडता निवडता हाती चार गोष्टी लागल्या. दोन दोऱ्यांचे असतात आणि चार दोऱ्यांचे. चारमध्ये लगाम जास्त, पण शिकणाऱ्याचे हात गोंधळतात. आकारावर सगळं अवलंबून असतं. फार लहान घेतला तर तो नुसता भिरभिरतो आणि खेचत नाही. मोठा घेतला तर माणूसच त्याच्यामागं जातो. पुढं किती चौरस मीटर वगैरे तक्ते होते. मला चौरस मीटर डोळ्यापुढं येत नाहीत. सोलापुरात जन्म गेलेल्या माणसाच्या डोळ्यापुढं चादर येते. समुद्रावरचा तो पतंग एकेरी चादर लांबीत दुमडली तर होते तेवढा होता, हे मला स्पष्ट आठवत होतं. मी त्या मापाचा, दोन दोऱ्यांचा, निळा पतंग मागवला. मागवताना नाव त्यांचंच घातलं.

पार्सल आलं तेव्हा भाऊ घरी होता. पेटीवरचं नाव त्यानं वाचलं. कापड लगेच हातात घेतलं. टॉवेलच्या धंद्यातली माणसं दिसेल ते कापड अंगठा आणि बोटात चोळून बघतात; लग्नात नवरीचा शालूसुद्धा सोडत नाहीत. कापड त्याला पसंत पडलं. मग तो कडेकडेनं बोट फिरवत गेला आणि एका जागी थांबला. तोंड वाकडं केलं. मी जरा नीट बघून आणतो म्हणाला आणि पिशवी उचलून घेऊन गेला. मी अडवलं नाही. मला वाटलं, कापडाचा मोह आहे, चार माणसांना दाखवील.

तीन-चार दिवसांनी पतंग परत आला. नीट घडी घातलेला, कारखान्याच्या पारदर्शक पिशवीत.

पुढच्या रविवारी त्यानं मला गाडीनं तळ्यावर नेलं. उन्हाळ्यात पाणी मागं हटलं की तिथं भेगाळलेली, सपाट, मोठी जमीन उघडी पडते. भाऊ गाडीत एसी लावून फोनवर बसला. मी वाचलेलं सगळं क्रमानं केलं. वारा पाठीवर घेतला. पतंग उताणा पसरला, मागच्या कडेवर मातीची ढेकळं ठेवली. दोऱ्या उलगडत मागं चालत आले, दोन्ही सारख्या ताणल्यात का ते पाहिलं, मुठी धरल्या आणि एक पाऊल मागं घेऊन ओढल्या.

पतंग उठला, थरथरला आणि आडवा पडला. पुन्हा ओढला, पुन्हा पडला. त्याच्या अंगात काही भरतच नव्हतं. नुसतं कापड फडफडत होतं. म्हशी घेऊन चाललेली एक बाई उभी राहिली. तिनं बराच वेळ पाहिलं.

"बाई," ती म्हणाली, "वाळत घालाया लई लांब आलाव की."

तिच्या म्हशीही थांबून बघत होत्या. भेटायला आलेल्या शंभर माणसांच्या वाक्यांपेक्षा तिचं वाक्य चांगलं होतं, हे मला तेव्हाही मान्य करावं लागलं.

आणखी एका रविवारी तेच झालं. मी वाऱ्याला दोष दिला. विक्रेत्याला दिला. उघड्या तांबूस पुरुषांना दिला. भाऊ गाडीतून उतरून आला आणि त्यानं लहानपणच्या संक्रांतीच्या अधिकारानं सांगितलं की मी ढील देत नाही. यात ढील नसते, दोऱ्या आहेत तेवढ्याच राहतात, असं मी म्हणाले. ढील नाही तो कसला पतंग, असं म्हणून तो परत गाडीत जाऊन बसला.

घरी आल्यावर मी पतंग गच्चीवर पसरला आणि माहितीपत्रक पहिल्यापासून वाचायला घेतलं. दुसऱ्याच परिच्छेदात होतं: समोरच्या कडेवरच्या तोंडांतून वारा आत शिरतो, कप्पे फुगतात आणि पतंगाला आकार येतो. हे वाक्य मी आधीही वाचलं होतं. पाठ होतं म्हटलं तरी चालेल. मी वाकून समोरच्या कडेवर बोट फिरवलं. तोंडं नव्हती. या टोकापासून त्या टोकापर्यंत बारीक, सरळ, दुहेरी शिलाई होती, कापडाच्याच रंगाच्या दोऱ्यानं घातलेली. इतकी सुबक की ती पतंगाबरोबरच जन्मली असं वाटावं. वाचलेलं वाक्य आणि समोरची वस्तू यांची गाठ घालून बघायची असते, हे मी वर्गात किती वेळा सांगितलं असेल.

मी भावाला बोलावून घेतलं. तो आला. मी त्याला तम्मा म्हणते.

"तम्मा, ही कड कुणी शिवली?"

"मीच शिवून घेतली की. चांगला कारागीर बसवला होता. दिसतेय का शिलाई कुठं? दिसायची नाही."

"कशासाठी?"

"अगं अक्का, पुढची अख्खी बाजू उघडी होती. अर्धवट शिवून पाठवलेला माल. माझ्या टेबलावरून असला टॉवेल कोण पुढं जाऊ देईल? सेकंडच्या, कमी भावाच्या ढिगात टाकतो आपण तसला. म्हटलं परत पाठवावा. पण पेटीवर दाजींचं नाव. परत कुठं करायचा?"

"ती उघडीच असते. तिथून वारा आत जातो."

त्यानं त्या कडेवरून पुन्हा बोट फिरवलं. मग म्हणाला, मुद्दाम भोक ठेवून माल विकतात म्हणजे कमाल आहे. मी म्हणाले की ज्याला जे कळत नाही त्यानं त्याला हात लावू नये. हे मी शाळेतल्या आवाजात म्हणाले. त्या आवाजानं मुलं खाली बघायची. तोही खाली बघायला लागला. त्याचे केस पांढरे झालेले आहेत.

"तू रडली नाहीस," तो म्हणाला. "कुणाशी धड बोललीसुद्धा नाहीस. मी रोज येऊन बसतो, मला काय बोलायचं सुचत नाही. मग हे आलं. म्हटलं, एवढं तरी नीट करून देऊ. मला दुसरं काय येतं, अक्का?"

त्या वाक्याखाली मला रेघ मारता आली नाही.

आम्ही दोघं गच्चीवर बसून शिलाई उसवायला लागलो. मी ब्लेड घेतलं, तर त्यानं ते काढून घेतलं. कापड फाडशील म्हणाला. त्यानं खिशातून छोटी कात्री काढली. चार-चार टाके सोडून एक टाका कापायचा आणि दोरा ओढायचा. आपण करून घेतलेलं चांगलं काम आपणच उसवताना तो मधूनमधून च्यक् च्यक् करत होता आणि कारागिराची तारीफ करत होता. एकेक तोंड उघडत गेलं. अंधार पडायच्या आत काम संपलं. उजव्या टोकाला दोन टाके राहिले. ते काढायला तो पुढं वाकला तेव्हा मी राहू दे म्हणाले. ते तोंडाच्या आड येत नव्हते.

पुढच्या रविवारी तो गाडीत बसला नाही. चपला काढून, पँट दुमडून, वारा जात होता त्या बाजूला पतंग दोन्ही हातांनी धरून उभा राहिला. असं धरायचं नसतं, जमिनीवर ठेवायचा असतो, हे मी ओरडून सांगितलं. त्याला ऐकू आलं नाही, किंवा आलं असेल. मी मुठी ओढल्या.

ओली चादर झटकल्यावर होतो तसा आवाज झाला. सगळे कप्पे एकदम भरले आणि पतंग त्याच्या हातांतून सुटून सरळ वर गेला. डोक्यावर गेला की तो शांत उभा राहतो, हे मी वाचलं होतं आणि तसंच झालं. मी श्वास घेतला. भाऊ दोन्ही हात वर करून ढील दे, ढील दे म्हणत होता. मी उजवी मूठ थोडी ओढली. पतंग उजवीकडे कलला, खाली आला आणि माझ्या समोर, वाऱ्याच्या बरोबर मध्यात शिरला. सगळी ताकद तिथंच असते, हेही मी वाचलं होतं.

दोन्ही हात पुढं गेले. मी टाचा रोवल्या, मागं रेलले, तरी एक पाऊल गेले, मग दुसरं, आणि गुडघ्यांवर पडले. मुठी सोडल्या नाहीत. पतंग पलीकडे जमिनीवर आपटला आणि तिथं फुगलेला पडून राहिला.

मी ढेकळांत तशीच बसून राहिले. गुडघे सोलवटले होते. ते काय होतं हे मला लगेच कळलं होतं. पहिलं पाऊल पुढं पडण्याच्याही आधी कळलं होतं.

गच्चीवर चादरीची घडी घालताना मी दोन टोकं धरायची, ते समोरची दोन टोकं धरायचे, आणि सुरकुत्या जाव्यात म्हणून दोघांनी ओढायचं. ते नेहमी जास्त ओढायचे. दरवेळी. मी एक पाऊल पुढं जायची आणि त्यांना रागवायची, आणि ते दोन्ही टोकं तशीच ताणून धरून हसायचे. दोन हातांना दोन टोकांतून येणारी तीच ओढ होती. पलीकडे कुणीतरी आहे आणि त्यानं नीट धरलेलं आहे, एवढंच. ते इतकी वर्षं मला आठवड्याला एकदा हे दाखवत होते आणि समुद्रावर म्हणाले, सांगून कळायचं नाही. एका शब्दात सांगता आलं असतं. तो शब्द आमच्या गावात रस्तोरस्ती दुकानांच्या पाट्यांवर लिहिलेला असतो. पाटबंधारे खात्यातल्या माणसांकडून भाषेची फार अपेक्षा करू नये.

भाऊ धावत आला. धापा टाकत माझ्यासमोर उकिडवा बसला, माझे गुडघे पाहिले, मग माझं तोंड पाहिलं आणि हातरुमाल काढून माझ्यापुढं धरला. तो त्याच्याच कारखान्याचा होता, चारही कडा दुमडून शिवलेला.

"कसं वाटलं, अक्का?" त्यानं विचारलं.

"चादर," मी म्हणाले. "घडी घालताना समोरच्यानं ओढावी तशी."

"एवढंच?"

"एवढंच."

त्यानं थोडा विचार केला आणि मान हलवली. त्याला कळलं होतं. सांगून कळलं होतं.

मग त्यानं मुठी मागितल्या. मी दिल्या आणि गाडीच्या सावलीत पुस्तक घेऊन बसले. तो पडला तेव्हा मान वर करून पाहिलं.

वारा असला की रविवारी आम्ही तळ्यावर जातो. पतंग गॅलरीतल्या खुर्चीवर पिशवीत असतो. त्याची पुढची कड उघडी आहे आणि उजव्या टोकाला दोन टाके आहेत. चादरींची घडी मी एकटीच घालते, एक टोक हनुवटीखाली धरून.